एकट्याला रूम मिळत नाही

आमच्या शेजारच्या नंदकुमार तळेकरांचं निम्मं आयुष्य लॉजमध्ये गेलं. हे वाचून कोणाच्या मनात भलतंसलतं यायला नको म्हणून आधीच सांगते, ते दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करतात. ती आडवी होणारी, वरखाली जाणारी, डोक्यावर दिवा असलेली खुर्ची असते ना, जिच्यात बसलं की माणूस आपोआप देवाचं नाव घेतो, तीच. तुर्भ्याच्या एमआयडीसीत त्यांची कंपनी आहे. तिथे या खुर्च्या बनतात आणि महाराष्ट्रभर जातात. त्या बिघडल्या की त्यांच्यामागून तळेकर भाऊजी जातात.

डॉक्टर लोक पेशंट परत पाठवायला तयार नसतात. त्यामुळे सकाळी दवाखाना उघडायच्या आत खुर्ची चालू करून द्यायची, हा त्यांच्या कंपनीचा रिवाज. म्हणजे आदल्या संध्याकाळी त्या गावाला पोचायचं, कंपनीच्या भत्त्यात बसेल असा स्टँडजवळचा एखादा लॉज शोधायचा, रात्रभर पाठ टेकायची आणि उजाडायच्या सुमाराला दवाखान्याची किल्ली घेऊन कामाला लागायचं. लग्न झाल्यापासून ते हेच करत आलेत. जालना, परभणी, धुळे, नंदुरबार, सांगोला. आपण ही नावं बातम्यांत ऐकतो. त्यांना तिथल्या उशा माहीत आहेत.

उशांचं सांगायचं कारण त्यांची बायको, वैजयंती. घणसोलीच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघी एकाच महिन्यात राहायला आलो. आमची दारं समोरासमोर, मधल्या जागेत दोन्ही घरच्या चपलांची गर्दी. भाऊजींची दौऱ्याची बॅग वैजयंतीच भरायची. हत्यारं एका बाजूला, पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यात वर घरचा धुतलेला अभ्रा. लॉजच्या उशीला तो घालायचा. "कुणाकुणाची डोकी टेकलेली असतात त्या उशीवर," ती म्हणायची, "कुणाचे काय विचार आत राहिले असतील, कोण जाणे." दिवेलागणीला त्यांच्या घरचा लँडलाइन वाजायचा आणि मग आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात ती विचारायची, "पोचलात? खोली कशी आहे? वास येतोय का?"

दोन वर्षांपूर्वी वैजयंती गेली. आजार लहानसाच वाटला होता, पण त्याने फार दिवस काढू दिले नाहीत. मुलगी ऋता बेंगळुरूहून आली, राहिली आणि जाताना बाबांना सोबत घेऊन गेली. भाऊजी तिकडे महिनाभरही टिकले नाहीत. परत आले तेव्हा मी विचारलं, "का हो, करमलं नाही?"

"करमायला काय झालं? लेक चांगली, जावई चांगला. पण तिथं मला कुणी कामच सांगत नाही, वहिनी. सारखं बसा म्हणतात."

ते कामावर रुजू झाले. पुन्हा दौरे सुरू झाले. आम्हाला बरं वाटलं. माणूस मार्गी लागला असं आपण म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो, तसंच आमचंही झालं.

एका सकाळी मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवत होते, तेव्हा ते जिना चढून आले. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला.

"एक गंमत सांगू का वहिनी? परवा जालन्यात मला रूमच मिळाली नाही."

"फुल्ल होत्या का सगळ्या?"

"नाही हो. मागे खिळ्यांना किल्ल्या लटकत होत्या, मला दिसत होत्या की. म्हणाला, सिंगलला देत नाही. दुसऱ्याकडे गेलो, तोही तेच म्हणाला. शेवटी एका धर्मशाळेत पडलो."

माझा नवरा अश्विन बूट घालत होता. तो म्हणाला, "सोबत बाई असली की लॉजवाले नखरे करतात असं ऐकलं होतं. बाई नाही म्हणूनही करतात?"

भाऊजी हसले. मग बॅग खाली ठेवून म्हणाले, "त्यांचंही चूक नाही. एकटा माणूस येतो, खोली घेतो, आणि सकाळी दार उघडत नाही. मग पोलीस, पंचनामा, गावभर बोभाटा. त्यानंतर आठवडेच्या आठवडे त्या लॉजला गिऱ्हाईक फिरकत नाही."

अश्विनने बुटाची नाडी बांधायची थांबवली. "पण मग तुम्हाला का? तुम्ही तर कायम एकटेच जाता."

"तेच तर," भाऊजी म्हणाले, "इतक्या वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं."

ते घरात गेल्यावर मी त्यांचं रूप पहिल्यांदा लॉजवाल्याच्या नजरेने आठवून पाहिलं. गाल बसलेले, दाढी एका बाजूला राहून गेलेली. पूर्वीची फुगलेली बॅग आता पोटाशी धरता येईल एवढी झाली होती, कारण तिच्यात पोळ्या नव्हत्या आणि अभ्राही नव्हता. काही विचारलं की ते उत्तर द्यायला वेळ लावायचे. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं होतं, पण रोज दिसणाऱ्या माणसातला फरक शेजाऱ्याला दिसत नाही. काउंटरवरच्या परक्या माणसाला एका नजरेत दिसला.

त्यानंतर परभणीचं प्रकरण झालं. तिथेही रूम नाही मिळाली. रात्र त्यांनी एसटी स्टँडच्या बाकड्यावर काढली, पहाटे दवाखाना उघडून खुर्ची दुरुस्त केली आणि नीट चालते का बघायला स्वतः तिच्यात आडवे झाले. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा वेटिंगमध्ये पेशंट बसलेले आणि आत मेकॅनिक घोरतोय. "खुर्ची एकदम टकाटक झाली होती, म्हणूनच झोप लागली," भाऊजी आम्हाला सांगत होते आणि आम्ही हसून हसून बेजार. डॉक्टरीणबाईंनी मात्र कंपनीत फोन केला.

कंपनी आता जुन्या मालकांचा मुलगा वरद बघतो. पोरगा चांगला आहे, भाऊजींना काका म्हणतो. त्याने त्यांना केबिनमध्ये बसवून सांगितलं, "काका, तुम्ही रूमशिवाय रात्र काढताय, उद्या काही झालं तर मला टेन्शन. परत असं झालं तर आउटडोअर बंद, दौरे नाहीत. तुम्हाला गोडाउनला बसवतो. पंखा आहे, खुर्ची आहे, आरामात बसा."

"गोडाउनला काय वाईट आहे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी वैजयंतीची मैत्रीण नव्हतेच. "वहिनी, लातूरचा डॉक्टर माझी वाट बघत असतो. संध्याकाळपासून दोनदा फोन करतो, तळेकर पोचलात का म्हणून. गोडाउनमध्ये माझी कोण वाट बघणार? खोकी?"

तेव्हा मला कळलं की या माणसाला खुर्च्यांचं एवढं वेड नाही. त्यांना हवा होता तो संध्याकाळचा फोन.

मग ते तयारीला लागले. लॉजवाल्यांसमोर परीक्षा द्यायची तयारी. दर दौऱ्यानंतर जिन्यात आम्हाला निकाल ऐकवायचे. लॉजवाला आधी बॅग बघतो, मग चेहरा, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. अश्विनने आमची चाकांची मोठी बॅग दिली, ती ते हत्यारांबरोबर जुनी वर्तमानपत्रं भरून न्यायचे. स्टँडवरच्या नळावर दाढी करायची. काउंटरवर पोचताना फोनवर कोणाशी तरी हसत बोलायचं. पण सगळ्यात हमखास उपाय त्यांना धुळ्यात सापडला.

"उद्याचं विचारायचं," ते म्हणाले. "सकाळी गरम पाणी किती वाजता येतं? पोहे कुठं चांगले मिळतात? ज्याला उद्याच्या पोह्यांची काळजी आहे तो आज रात्री कशाला काय करील? एवढं विचारलं की त्यांचा चेहरा सैल पडतो आणि किल्ली मिळते."

"आणि पोहे खाता का सकाळी?"

"कुठले! कामातच असतो मी."

असे काही महिने गेले. उपाय कधी चालायचा, कधी अर्धाच चालायचा. मग थंडीत लातूरचा दौरा आला. निघताना ते म्हणाले, "या वेळी रूम मिळालीच पाहिजे. वरदने डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलंय की तळेकर कुठे उतरले ते मला कळवा."

लातूरला काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, पण त्यातला एक तुकडा मी इथे घणसोलीत बसून ऐकला.

स्टँडजवळच्या दोन लॉजवाल्यांनी त्यांना नाही म्हटलं. तिसरा यशराज लॉज, टायरच्या दुकानावर, वर जायला अरुंद जिना. काउंटरवर मॅनेजर सिताराम, मफलर गुंडाळून बसलेला. त्याने बॅग पाहिली, मग चेहरा पाहिला.

"एकटेच हाव का?"

"हो. डॉक्टरांची खुर्ची दुरुस्त करायला आलोय, दातांच्या. बरं, सकाळी गरम पाणी किती वाजता? आणि इथली सुशीला फार ऐकलीय, चुरमुऱ्यांची. कुठं चांगली मिळते?"

सितारामने पेन खाली ठेवलं. "काका, मागच्यानं बी सुशीलाच विचारली हुती."

"म्हणजे?"

"सहाला उठवा म्हणला हुता. पाणी तापवून ठेवा म्हणला. आमी सहाला पाणी घेऊन गेलो बगा." त्याने मफलर आणखी घट्ट केला. पुढचं भाऊजींना विचारावं लागलं नाही.

मग तोच म्हणाला, "असं करा, घरी फोन लावा. माज्यासमोर, स्पीकरवर. घरच्यांनी हो म्हणलं की देतो रूम."

इथे त्यांच्या हातून जे झालं ते हिशेबीपणाने झालेलं नव्हतं. एवढ्या वर्षांची बोटांची सवय. लॉजच्या काउंटरवर उभं राहून कुणी घरी फोन लावा म्हटलं, आणि त्यांनी 'घर' असं लिहिलेलं दाबलं.

मी तेव्हा ओट्याशी भिजवलेले वाल सोलत बसले होते. समोरच्या बंद घरात फोन वाजायला लागला. लँडलाइन त्यांनी अजून काढला नव्हता. ऋता त्यांच्या मोबाइलवर करायची, बाकी या नंबरवर करणारं कोणी उरलं नव्हतं. आवाज दोन दारांतून गाळला जाऊन येत होता, तरी तोच होता. मी वालाचं साल बोटात धरून ऐकत राहिले. वाजून वाजून तो थांबला. परत वाजायला लागला. अश्विनने टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाला, "भाऊजी तर लातूरला आहेत ना?"

तिकडे काउंटरवर तोच आवाज स्पीकरवर वाजत होता. सितारामने शेवटपर्यंत वाजू दिला. मग विचारलं, "घरी कोण हाय?"

"आत्ता कोणी नाही."

"आत्ता न्हाई, का कदीच न्हाई?"

मग माझा मोबाइल वाजला. "वहिनी, मी नंदकुमार. त्रास देतोय. या साहेबांशी जरा बोलता का?" एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नव्हती.

"नमस्कार ताई," पलीकडून सिताराम म्हणाला. "तुमी यांच्या कोण?"

"शेजारी. समोरच राहतो आम्ही. फार सज्जन माणूस आहे हो, तुम्ही बिनधास्त द्या रूम."

"सज्जनच असत्यात ताई. शेजारी न्हाई चालत. घरचं माणूस पायजे."

"मुलगी आहे त्यांना. बेंगळुरूला असते."

"मग तिला लावू की."

मागून भाऊजींचा आवाज आला, "नको, ऋताला नको. तिला काही सांगू नका." मला कारण ठाऊक होतं. बाबांना लॉजमध्ये कुणी ठेवून घेत नाही हे ऋताला कळलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी विमानाने येऊन तिने त्यांना नेलं असतं. पण सितारामला ते कसं कळणार?

"बगा," तो हळू आवाजात मला म्हणाला, "पोरीला सांगू नका म्हणत्यात. मला याचीच भीती वाटती."

मी रागावले होते. एका माणसाला निजायला खाट देण्यासाठी एवढी उलटतपासणी! मी काही बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "ताई, मी वाईट न्हाई. त्या दिसापासनं माजी बायको मला रातपाळीला येऊ देत न्हवती. मला फकस्त एक सांगा. ह्ये उद्या घरी आले न्हाईत, तर तुमच्याकडं कुणाच्या ध्यानात यील का? कदी यील?"

मी आठवायला लागले.

आदल्याच महिन्यात ते धुळ्याहून परतले होते आणि मला ते त्यांचे कपडे दोरीवर दिसल्यावर कळलं होतं. किती वेळानं? ते मला सांगता आलं नसतं. चपला असतात, नसतात. दुधाची पिशवी ते घेतच नाहीत, सुटं दूध आणतात. खरं उत्तर द्यायचं तर मी असं म्हणायला हवं होतं की, कधी येईल ते माहीत नाही. अश्विन माझ्या तोंडाकडे बघत होता.

"उद्या रात्री ते आमच्याकडे जेवायला आहेत," मी म्हणाले. "आले नाहीत तर रात्रीच कळेल."

"जेवायला काय हाय?"

"काय?"

"काय बनवताव म्हणलं."

मी समोर पाहिलं. "वालाची उसळ. आत्ता सोलतेच आहे."

सिताराम म्हणाला, "वाल सोलणं लै किचाट काम असतंय. माजी बायको बी वैतागती. ठीक हाय, देतो रूम. पन एक अट हाय. आतनं कडी लावायची न्हाई. आमची गोजराबाई पॅसेजमदी झोपती, ती अधनंमधनं बगून जाईल. काय काका, चालतंय का?"

मला वाटलं, हे आता चिडून बॅग उचलून निघणार. मीही निघाले असते. कोणी परक्याने रात्रीबेरात्री दार ढकलून आपल्याकडे बघावं हे कोणाला चालेल?

"चालेल," भाऊजी म्हणाले.

फोन ठेवल्यावर अश्विन म्हणाला, "एवढी चौकशी तर तुझ्या बाबांनी मला मुलगी देताना केली नव्हती." मी हसले आणि पुन्हा वालांकडे वळले. उरलेले वाल सोलून झाल्यावर लक्षात आलं, माणशी दोन वाट्या होतील एवढे सोलले होते.

दुसऱ्या रात्री ते आले. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, समोरच्या दारातून या दारात यायला पाहुण्यासारखे. उंबऱ्याशी थांबले. "खरंच बोलावलंय ना वहिनी? का नुसतं त्याला सांगायला?"

"आधी पाटावर बसा," मी म्हटलं. पाट आमच्याकडे नाहीत, डायनिंग टेबल आहे. त्यांनी खुर्ची ओढली.

खुर्ची दुरुस्त झाली होती, डॉक्टर खूश होते, वरदचा शाबासकीचा मेसेज आला होता. गोडाउनची गोष्ट बाजूला पडली. ते भराभर जेवत होते. अश्विनने रूम कशी होती विचारलं, तेव्हा घास थांबला.

"खोली काय, नेहमीसारखी. पण ते दार. लोटलेलं. पॅसेजमधल्या दिव्याची पट्टी सरळ अंथरुणावर. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी काय कैदी आहे? तेवढ्यात सपाता घासत कोणीतरी आलं. म्हातारी बाई, डोक्यावरून पदर. दार लोटून आत बघितलं. उजेड डोळ्यांवर नको म्हणून मोबाइलची बॅटरी माझ्या पायांवर मारली. मी झोपेचं सोंग घेऊन पडलो. गेली. परत आली. असं चाललेलं. एकदा पांघरूण खाली घसरलं होतं, ते तिने उचलून वर टाकलं आणि कायतरी पुटपुटली."

"काय?"

"कळलं नाही. थंडीला शिव्या दिल्या असणार." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तिची चाहूल कधी लागतेय म्हणून मी वाट बघत पडलो होतो. आणि त्यातच कधी झोप लागली, पत्ता नाही. वैजयंती गेल्यापासून अशी झोप नव्हती. सकाळी तिनेच हलवून उठवलं. 'उठलाव का? बरं झालं. च्या आनू?' बरं झालं म्हणाली, वहिनी. मी उठलो म्हणून."

एवढं बोलून त्यांनी वाटी पुढे केली. मी उसळ वाढली. अश्विनने उगीचच क्रिकेटचा विषय काढला.

त्या दिवसापासून भाऊजींना सगळीकडे रूम मिळते. काउंटरवर गेल्या गेल्या ते स्वतःच सांगतात, "एकटा आहे. कडी लावणार नाही. हवं तेव्हा येऊन बघा." लॉजवाला चमकतो, हसतो आणि किल्ली देतो. चाकांची बॅग त्यांनी आम्हाला परत केली. सुशीला, पोहे, काही विचारावं लागत नाही. लातूरला गेले की यशराजलाच उतरतात, गोजराबाईंसाठी वाशीच्या मार्केटमधून खारीक नेतात. ऋताला यातलं काही माहीत नाही. बाबांचे दौरे छान चाललेत एवढंच ती फोनवर मला म्हणते आणि मीही हो म्हणते.

मध्यंतरी नांदेडहून आले तेव्हा जिन्यात जरा उदास दिसले. "काय झालं? रूम नाही मिळाली?"

"मिळाली की. कडी न लावता झोपलो. पण कोणी बघायलाच आलं नाही." गरम पाणी आलं नाही अशी तक्रार करावी, तशा आवाजात ते म्हणाले.

मी म्हटलं, "चहा घेता का?" ते नको म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी दूध आत घ्यायला मी बाहेर आले, तर समोरचं सेफ्टी डोअर नुसतं लोटलेलं. आतलं दारही. विसरले असतील म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या सकाळीही तसंच. अश्विन म्हणाला, "सांग जाऊन त्यांना. परवा खालच्या मजल्यावरून सायकल गेली. दिवस बरे नाहीत."

सांगायलाच गेले होते मी. दार ढकललं. हॉलमध्ये पडदे ओढलेले, अंधूक उजेड. बेडरूम सोडून ते बाहेरच्या दिवाणावर झोपले होते, दारातून दिसतील असे. आमच्या इमारतीच्या मागून कुठल्या तरी कंपनीची पहिल्या पाळीची बस जात होती. मी हाक मारणार होते. मारली नाही. दार होतं तसं लोटलं आणि घरी येऊन दूध तापवलं.

आता रोज सकाळी जाते. ते दौऱ्यावर नसतील त्या दिवशी. दार ढकलायचं, बघायचं, लोटायचं. कधी त्यांचा श्वास ऐकू येतो, कधी ते कूस बदलतात. जागे असतात की झोपलेले, मला माहीत नाही, आणि ते कळून घ्यायचं नाही एवढं ठरवलंय. दिवसा जिन्यात भेटलो की आम्ही पाण्याच्या प्रेशरबद्दल बोलतो, सोसायटीच्या लिफ्टबद्दल बोलतो. याबद्दल ना त्यांनी काही विचारलं, ना मी काही बोलले.

फक्त आता एक अडचण आली आहे. पुढच्या महिन्यात आम्हाला केयूरकडे जायचंय, आमच्या मुलाकडे, नाशिकला. सुनेला दिवस भरत आलेत; तिकडे राहणं लांबेल. तेवढ्या दिवसांत दार आतून नीट लावून झोपत जा, असं भाऊजींना सांगायला हवं. रोज सकाळी ते सांगायचं म्हणून मी दारापर्यंत जाते, त्यांना बघते, आणि न सांगता परत येते.